ऊसफडातील नवजात बालके आणि काविळीचे पाच दिवस

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वर्गांतील काही बाके रिकामी होऊ लागतात. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील डोंगरपट्ट्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगावकडे निघतात. त्यांच्याबरोबर कोणाची बहीण जाते, कोणाचे आईवडील जातात आणि कधी कधी विद्यार्थी स्वतःच कोयता घेऊन जातो. १९७२ च्या दुष्काळानंतर या स्थलांतराने जे रूप घेतले, ते आज अर्धशतक उलटून गेले तरी कायम आहे. या प्रश्नाच्या आर्थिक बाजूवर, म्हणजे उचल, मुकादमाची बांधिलकी, तोडणीचा दर आणि वाहतुकीचे कमिशन यांवर, पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखकानेही वर्गात त्यावर अनेक तास घेतले आहेत. आज ज्या प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे तो वरवर पाहता वैद्यकाचा आहे, परंतु त्याचे मूळ आमच्या अर्थव्यवस्थेत आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. ओसरीवर त्याचा धाकटा भाऊ निजला होता. वय अकरा. मान सावरत नव्हती, हातपाय आपोआप पिळवटत होते, हाक मारल्यास ऐकू येत नव्हते. डोळ्यांत मात्र विलक्षण समज होती. आईने सांगितले ते एवढेच : "फडावर झाला. तिसऱ्या दिवशी हळदीसारखा पिवळा पडला, दूध ओढीना. पाचव्या दिवशी धनुष्यासारखा ताणला. मग असा झाला." घरच्यांनी तेव्हा काविळीची माळ घातली होती, दृष्टही काढली होती. पुढे एका बालरोगतज्ज्ञ स्नेह्यास मी हे वर्णन सांगितले, तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या पुस्तकातले वर्णन तुम्ही शब्दशः सांगितलेत." त्या पुस्तकातले नाव कर्निक्टेरस. जर्मन भाषेत त्याचा अर्थ मेंदूतील केंद्रांची कावीळ असा होतो. श्मोर्ल या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी हे नाव दिले. म्हणजे हा रोग वैद्यकास शंभरांहून अधिक वर्षे ठाऊक आहे आणि तो टाळण्याचे उपायही साठ-सत्तर वर्षे ठाऊक आहेत. तरीही आमच्या ओसऱ्यांवर अशी मुले निजलेली दिसतात, हा या लेखाचा विषय होय.

रक्तातून मेंदूत

प्रथम रोगाची रीत समजून घेतली पाहिजे, कारण उपाय त्या रीतीतच दडलेला आहे. रक्तातील तांबड्या पेशी जुन्या झाल्या म्हणजे फुटतात आणि त्यांतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. एक ग्रॅम हिमोग्लोबिनपासून सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन निघते. प्रौढ माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. नवजात बालकाची त्याहून पुष्कळ कमी जगते आणि त्याच्या रक्तात अशा पेशींची गर्दीही अधिक असते. त्यामुळे वजनाच्या मानाने बालकाच्या शरीरात मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक बिलिरुबिन रोज निर्माण होते. ते विद्राव्य करून पित्तावाटे बाहेर घालविण्याचे काम यकृतातील एका विकराचे असते. जन्मसमयी त्या विकराची क्षमता प्रौढाच्या शेकडा एक इतकीच असते. आवक दुप्पट आणि जावक जवळजवळ बंद, असा हा पहिल्या आठवड्याचा ताळेबंद आहे. म्हणूनच निम्म्याहून अधिक नवजात बालके थोडीफार पिवळी पडतात. पूर्ण दिवसांच्या बालकात हा पिवळेपणा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळसास पोचतो आणि बहुतेकांत आपोआप ओसरतो. "बाळाला कावीळ होतेच, जाते आपोआप" हा आमच्या आजीबाईंचा अनुभव त्यामुळे खोटा नव्हे. घात होतो तो उरलेल्या थोड्यांच्या बाबतीत.

यकृतातून न गेलेले हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. रक्तातून प्रवास करावयाचा तर त्यास वाहन लागते आणि ते वाहन म्हणजे अल्ब्युमिन हे प्रथिन. अल्ब्युमिनच्या एका रेणूवर बिलिरुबिनच्या एका रेणूस पक्के आसन मिळते. जोवर ते आसनावर बसलेले आहे, तोवर ते मेंदूत जाऊ शकत नाही, कारण अल्ब्युमिनसारखा मोठा रेणू मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतून पार होत नाही. त्या भिंतीच्या पेशी एकमेकींशी अत्यंत घट्ट सांधलेल्या असतात. रक्त आणि मेंदू यांमधील अडसर म्हणतात तो हाच. परंतु हजारांत एकाहूनही कमी अंश आसनावाचून मोकळा राहतो. तो चरबीत विरघळणारा असल्यामुळे आणि पेशींचे आवरणही चरबीचेच असल्यामुळे हा मोकळा अंश सांध्यांच्या फटी न शोधता सरळ पेशींच्या अंगातूनच पलीकडे झिरपतो.

येथे एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. नवजात बालकाचा हा अडसर अर्धवट बांधलेला असतो, म्हणून विष आत शिरते, असे पूर्वी सांगितले जाई. आजचे ज्ञान तसे नाही. भिंतीचे सांधे गर्भावस्थेतच घट्ट झालेले असतात. उणीव असते ती दुसरीकडे. आत आलेले बिलिरुबिन उपसून पुन्हा रक्तात फेकणारी काही प्रथिने या भिंतीच्या पेशींत असतात. पंपांसारखे काम करणारी ही प्रथिने अपुऱ्या दिवसांच्या बालकात पुरेशी नसतात. शिवाय त्याच्या रक्तात अल्ब्युमिन कमी असते आणि असलेल्या अल्ब्युमिनची पकडही ढिली असते. त्यातच बालक जन्मताना गुदमरले, रक्तात आम्लता वाढली, जंतुसंसर्ग झाला, तर ही पकड आणखी सुटते आणि भिंतीलाच तडे जातात. मग अल्ब्युमिनवर बसलेले बिलिरुबिनही आत घुसू शकते. म्हणून प्रयोगशाळेचा एकच आकडा एका बालकास निरुपद्रवी असतो आणि दुसऱ्यास घातक ठरतो.

आसनाचे हे महत्त्व जगास मोठ्या किमतीने कळले. न्यूयॉर्कमध्ये डॉ. सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बालकांस जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दोन निरनिराळ्या औषधयोजना देऊन तुलना केली. त्यांपैकी सल्फाचे औषध असलेल्या गटात मृत्यू अधिक झाले आणि मृत बालकांच्या मेंदूत पिवळे डाग आढळले. हा अहवाल १९५६ साली प्रसिद्ध झाला. रक्तातील बिलिरुबिन या गटात काही वाढलेले नव्हते. १९५९ साली ओडेल यांनी त्याचा उलगडा केला. सल्फाने बिलिरुबिनला अल्ब्युमिनवरून उठवून आपण ते आसन बळकावले होते. हितासाठी दिलेले औषधच घातक ठरले. आजही सेफ्ट्रिॲक्सोन हे सर्रास वापरले जाणारे इंजेक्शन याच कारणास्तव पिवळ्या पडलेल्या नवजात बालकास देऊ नये, असा दंडक आहे.

मेंदूत शिरलेले बिलिरुबिन सर्वत्र सारखे बसत नाही. हालचालींवर ताबा ठेवणारी खोल केंद्रे, श्रवणाचे मार्ग आणि डोळे वर फिरविणारी केंद्रे ही त्याची लक्ष्ये. तेथील पेशींची ऊर्जानिर्मिती ते बंद पाडते. प्रथम बालक सुस्त होते आणि दूध ओढत नाही, नंतर तारस्वरात रडते, पाठीची कमान करते. पहिल्या पायरीवर रक्तातील बिलिरुबिन खाली आणले, तर मेंदूतले बिलिरुबिनही पुष्कळदा परत फिरते आणि बालक वाचते. शेवटची पायरी ओलांडली म्हणजे परतीचा मार्ग नसतो. बुद्धी मात्र बहुधा शाबूत राहते, आणि हेच त्यातील सर्वांत मोठे क्रौर्य होय.

स्वस्त उपायांचा इतिहास

इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ च्या उन्हाळ्यात वॉर्ड नावाची एक परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बालकांस अंगणात उन्हात नेत असे. एका बालकाचे उघडे अंग फिके पडले आणि चादरीच्या टोकाखाली झाकलेला तेवढा त्रिकोण पिवळा राहिला, हे तिने डॉक्टरांच्या नजरेस आणून दिले. त्यातून क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रकाशोपचार जगापुढे मांडला. निळा प्रकाश त्वचेतील बिलिरुबिनचे रूप बदलतो आणि ते यकृताच्या मदतीवाचून बाहेर पडू शकते. आपल्याकडे "बाळाला पेटीत ठेवले" असे म्हणतात तो प्रकार बहुधा हाच. काविळीने अतिरेक केला तर रक्तबदल करता येतो. आईचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईस अँटी-डी इंजेक्शन दिले म्हणजे पुढच्या बालकाचे रक्षण होते. हे इंजेक्शन १९६८ पासून उपलब्ध आहे.

यांपैकी कोणतेही साधन आता दुर्मीळ नाही. प्रकाशोपचाराचा एक चांगला संच एका बैलजोडीच्या किमतीत येतो. अंबाजोगाईस १९७० च्या दशकापासून ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांचा स्वतंत्र अतिदक्षता कक्ष आहे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बालकावर मोफत उपचार आहेत आणि १०२ क्रमांकाची गाडीही आहे. म्हणजे ज्ञान, साधने, पैसा या तिन्ही गोष्टी कमी-अधिक प्रमाणात आहेत. मग अडते कोठे?

बालक दोन गावांच्या मध्ये

अडते ते वेळापत्रकात आणि पत्त्यात. आपल्या आरोग्यसेवेची सर्व बांधणी गावावर झालेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी जाऊन नवजात बालकांची सेवा केली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. तो प्रयोग १९९९ साली जगापुढे आला आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या कामाचा भाग झाला. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाकडे आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जावयाचे असते. या योजनेतील तिसऱ्या दिवसाची भेट काविळीच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहे. प्रसूत बाईस रुग्णालयातून ४८ तासांनी घरी पाठवितात, म्हणजे कावीळ कळसास पोचण्यापूर्वीच. पुढची नजर आशाचीच.

परंतु ऊसतोड करणाऱ्या बाईची आशा पाटोद्याच्या वाडीत असते आणि बाळ मात्र शेकडो किलोमीटरवर, कोपीत. तेथील आशाच्या यादीत त्या बाईचे नाव नसते. टोळीचा तळ आज एका शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. रात्री दोन वाजता उठून गाडी भरणाऱ्या बायका दिवसा तळावर सापडतही नाहीत. शिवाय तोडणीचा हिशेब जोडप्यावर, म्हणजे एका कोयत्यावर चालतो. बाई बाळंतीण झाली की अर्धा कोयता बसतो, आणि बाळास घेऊन नवरा रुग्णालयात गेला की पूर्ण खाडा पडतो. खाड्याची रक्कम मुकादम उचलीत धरतो. अर्थशास्त्रात आम्ही ज्यास संधित्यागाची किंमत म्हणतो, ती येथे इतकी रोख आणि इतकी तातडीची आहे की "उद्या बघू" हा निर्णय त्या बापाच्या दृष्टीने अविचाराचा ठरत नाही. दुर्दैवाने ज्या विकारास मोजून दोन-तीन दिवस हाती असतात, त्यात "उद्या" हाच घातक शब्द होय.

आता बिलिरुबिनला मेंदूचे दार उघडून देणाऱ्या कारणांची यादी पुन्हा आठवावी. अपुरे दिवस, कमी वजन, जन्मतः गुदमरणे, जंतुसंसर्ग, कमी अल्ब्युमिन. शेवटच्या महिन्यापर्यंत डोक्यावर मोळ्या वाहणारी, रक्त कमी असलेली, पाचटाच्या कोपीत प्रसूत होणारी बाई आणि तिचे बाळ यांच्या वाट्यास ही सर्व कारणे एकत्र येतात. त्यात पहिले चिकाचे दूध काढून टाकण्याची रूढी आणि दिवसभर फडात असलेल्या आईचे लांबलेले स्तनपान यांची भर पडते. बालकास वेळेवर दूध मिळाले नाही तर त्याची काळी शी लवकर पडत नाही आणि आतड्यातून बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषले जाते. जुन्या कपड्यांतील डांबरगोळ्यांचाही उल्लेख केला पाहिजे. काही कुळांत तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराची उपजत कमतरता असते. अशा बाळास डांबरगोळीच्या वासाचे कपडे घातले तर त्याच्या पेशी झपाट्याने फुटू शकतात. आणि कोपीतला अंधार तर असा की बाळ पिवळे आहे की सावळे, हे चिमणीच्या उजेडात कोणास उमगणार?

"कोवळ्या उन्हात धरा" हा सल्ला सर्वत्र दिला जातो. सूर्यप्रकाशात गुण आहे, हे रॉचफर्डच्या कथेवरून दिसलेच. नायजेरियात घातक किरण गाळून टाकणाऱ्या पडद्याखाली, परिचारिकांच्या देखरेखीत उन्हाचा उपचार यशस्वी झाल्याचेही २०१५ साली प्रसिद्ध झाले आहे. पण तो उपचार रुग्णालयाच्या आवारात, रक्त तपासून केलेला होता. फडाच्या बांधावर सकाळी पंधरा मिनिटे बाळ धरणे हा त्याचा पर्याय नव्हे. त्याने मनास समाधान मिळते आणि मोलाचा दिवस निघून जातो.

मोजले जात नाही ते दिसत नाही

या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला तेव्हा, २०१९ साली, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. मोजणी झाली म्हणून प्रश्न दिसला. काविळीने अपंग झालेल्या बालकांची अशी मोजणी कोणी केलेली नाही. मेलेले बालक निदान मृत्यूच्या नोंदीत येण्याचा संभव असतो. जगलेले बालक मात्र दोन-तीन वर्षांनी "चालत नाही, बोलत नाही" म्हणून अपंगत्वाच्या दाखल्यासाठी येते आणि त्या दाखल्यावर सेरेब्रल पाल्सी एवढेच लिहिले जाते. ते कशाने झाले, ही नोंद कोणाच्याच कामाची ठरत नाही. निराधार योजनेचे अनुदान सुरू होते आणि शासनाच्या लेखी प्रकरण मिटते. घराच्या लेखी ते तेव्हा सुरू होते, कारण अशा मुलास सांभाळावयास एक माणूस जन्मभर घरी राहतो. बहुधा ती आई असते, नाही तर शाळा सुटलेली बहीण.

यावर कोणी म्हणेल की, खरा उपाय स्थलांतर थांबविणे हा आहे, जिल्ह्यात पाणी व उद्योग आणणे हा आहे. ते मान्यच आहे. पण यंदाच्या हंगामात जन्मणारे बालक या विकासाची वाट पाहू शकत नाही. त्याच्या हाती पाच दिवस आहेत. कारखानदार म्हणतील, मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत. परंतु गाळपाची तारीख, तोडणीचा कार्यक्रम, कोणत्या शिवारात कोणती टोळी, हे सर्व कारखान्याच्या शेतकी विभागास रोजच्या रोज ठाऊक असते. जी यंत्रणा उसाच्या प्रत्येक गाडीचा हिशेब ठेवते, तिला आपल्या तळावर या आठवड्यात किती बाळंतिणी आहेत हे कळत नाही, असे म्हणणे टिकणारे नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. गाव सोडण्यापूर्वी प्रत्येक गरोदर बाईचा रक्तगट तपासून तिच्या कार्डावर लिहावा. ज्या गावाच्या हद्दीत टोळी उतरली असेल, तेथील आशाने तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी तळावर जाऊन बाळ उजेडात पाहावे आणि त्याचे मानधन रहिवासाची अट न घालता तिला मिळावे. पहिल्या चोवीस तासांत दिसलेला पिवळेपणा, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा आणि दूध न ओढणे, या तीन खुणा मुकादमासकट प्रत्येकास पाठ असाव्यात, आणि त्यांपैकी एक दिसताच गाडी निघावी. रुग्णालयाने अशा आईस घरी पाठविण्यापूर्वी बाळाची बिलिरुबिन तपासणी करावी. साखरपट्ट्यातील ग्रामीण रुग्णालयांतून हंगामापुरते तरी प्रकाशोपचाराचे संच चालू स्थितीत असावेत. आणि नवजात बालकासाठी पडलेला खाडा उचलीत धरला जाऊ नये. त्याची भरपाई गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने करावी. असे महामंडळ स्थापन झालेले आहे, त्यास याहून उचित काम कोणते?

पट्टा पडला की टोळ्या परत येतील, बाके पुन्हा भरतील. माझा तो विद्यार्थी आता शिक्षण संपवून पुण्याजवळ नोकरीस आहे. त्याची आई मात्र आता फडावर जात नाही. धाकट्याला सोडून जाता येत नाही. त्या घरातला एक कोयता कायमचा बसला. निळ्या दिव्याखालचे दोन दिवस त्या बाळास मिळाले असते, तर कदाचित तो आज भावाच्याच वर्गाच्या बाकावर बसला असता.